तीन मिलिमीटरची चूक

कार्डावर तीनच ओळी होत्या, आणि त्या वाचून मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘हाताने आखलेली मोजपट्टी. तीस सेंटिमीटरमागे तीन मिलिमीटरची चूक. अप्रशिक्षित कामगाराच्या भाबड्या कारागिरीचा हृद्य नमुना.’

पट्टी त्यांच्या थोरल्या भावाची होती. दोघांनी ओतशाळेत चौतीस वर्षे लाकडी नमुने बनवले. त्या नमुन्यांवरून वाळूत साचे पडत आणि साच्यांत वितळलेले लोखंड ओतले जाई. भाऊ गेल्यावर पट्टी वहिनींच्या कपाटात होती. सार्वजनिक ग्रंथालयाने परिसराच्या आठवणी गोळा करण्याचा उपक्रम काढला, तेव्हा मिस्त्रींनीच शब्द टाकून ती मागून आणली. आता अर्ध्या तासात प्रदर्शनाच्या उद्घाटनाला त्याच वहिनी येणार होत्या, आणि आपला नवरा चार लोकांत अडाणी ठरलेला वाचणार होत्या.

मिस्त्रींनी संयोजिकेला काचपेटीपाशी बोलावले.

‘काका, आम्ही तीन वेळा मोजली,’ ती समजुतीच्या सुरात म्हणाली.

‘तीन वेळा मोजलीत. एकदा विचारलं असतंत तर?’

मग त्यांनी आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून सांगितले. लोखंड थंड होताना आकसते, साधारण शंभराला एक या प्रमाणात. म्हणून नमुना तेवढाच मोठा करावा लागतो, आणि दर मापाला आकडेमोड करावी लागू नये म्हणून पट्टीच तेवढी लांब आखतात. भावाने ती पोलादावर स्वतः आखली होती, आणि तिच्या मापाने बनलेले पंपाचे एकही झाकण कधी परत आले नव्हते. हे सारे त्यांनी आठवणींच्या ध्वनिमुद्रणातही सांगितले होते. तेव्हा हीच बाई म्हणाली होती, की तांत्रिक भाग राहू द्या, त्या दिवसांविषयी तुम्हाला काय वाटतं ते सांगा. दोन तास त्यांच्याकडून भट्टीची धग आणि सुटीचा भोंगा वदवून घेतला. काम तेवढे गाळले.

संयोजिकेने तोडगा काढला. कार्डाखाली एक चिठ्ठी लावू, कुटुंबीयांचे मत म्हणून.

‘मत? लोखंड माझ्या मताने आकसतं का?’

पण कार्डे छापून झाली होती, आणि कार्डाशिवाय वस्तू मांडायची नाही असा नियम होता. मिस्त्रींनी चिकटपट्टी नखाने उचकटून कार्ड काढले आणि भावाची पट्टी परत मागितली. तोंड वाकडे करत संयोजिकेने कुलूप उघडून ती त्यांच्या हातात दिली.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. दोन मजले काठी टेकत चढल्याने त्यांना धाप लागली होती. दिराचा चेहरा पाहून त्या पुढे आल्या. त्यांनी मिस्त्रींच्या हातातले कार्ड घेतले, डोळ्यांपासून लांब धरले आणि शेवटपर्यंत वाचले. चला घरी, असे मिस्त्री म्हणाले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

‘घरी कशाला? भाऊजी, पट्टी आत ठेवा.’ मग त्या संयोजिकेकडे वळल्या. ‘आणि तू पेन काढ. मी सांगते, तू लिही.’

हाताने लिहिलेले नियमात बसणार नाही, असे ती पुटपुटली.

‘छापलेलं वाचलं मी,’ वहिनी म्हणाल्या. त्यांनी कार्डाचे चार तुकडे केले आणि तिच्या तळहातावर ठेवले. ‘आधी त्यांचं नाव लिही. तुझ्या तीन ओळींत ते कुठंच नाही.’

मिस्त्री चपापले. तीन मिलिमीटरच्या रागात हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

मागे पाहुणे खोळंबले होते. वहिनी काचपेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि संयोजिकेने पेनचे टोपण काढले.