बांधावरचं शेवाळ

लवूने पहार बांधाच्या दोन चिऱ्यांमध्ये खुपसली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. चिरा हलला, मग निखळून खाडीच्या चिखलात पडला. भगदाडातून काळं पाणी उसळलं आणि सडक्या अंड्यांसारखा वास माडांखाली पसरला.

मांडवात नारळाची सोडणं ठोकणाऱ्या बायांचे हात थांबले. राही उठली. लाकडी मोगरी तिच्या हातात तशीच होती.

"लवू, पहार खाली ठेव."

"किती वेळा सांगितलं तुला?" तो वळला नाही. "भांगाचे दिवस हायत, खाडीत पाणी नाय, आता उघाडी उघडू नको म्हणून. मासे उताणे तरंगतायत. पाग टाकायचा तो कशावर?"

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं, आणि राहीला ते ठाऊक होतं.

दाभोळच्या खाडीकाठचा हा खड्डा तिच्या नवऱ्याने जांभ्याचे चिरे रचून बांधलेला. तो बोटीवर नोकरीला गेल्यापासून तीच तो चालवत होती. नारळाची सोडणं झावळ्यांखाली दाबून ठेवायची, त्यांच्यावर भरतीचं पाणी घ्यायचं आणि वाट बघायची. डोळ्यांना न दिसणारे जंतू सालीतला चिकटा खात राहायचे. जवळजवळ वर्षाने सोडण पिकायचं. मोगरीने ठोकलं की धागे सुटे व्हायचे आणि त्या काळ्या घाणीतून पिवळाधमक काथ्या निघायचा. घाण पाणी राही उधाणालाच सोडायची. खाडी तुडुंब असताना बांधातली फळी, उघाडी, वर उचलली की ते पाणी कुठल्या कुठे विरून जायचं.

चौऱ्याऐंशी साली काथ्याच्या व्यापाऱ्याने पावसकर नावाचा माणूस पाठवला. खड्ड्यातल्याच गाळातले जंतू वाढवून त्याने कॅनमध्ये भरून आणले होते. "विरजणच समजा, राहीबाई," तो म्हणाला. "दह्याला लागतं तसं." सोडणं चार महिन्यांत पिकली. मांडवातल्या बायांना पावसाळ्याआधी दुसऱ्यांदा काम मिळालं. पण पाणीही तितक्याच घाईने काळं व्हायला लागलं. ते तसंच ठेवलं तर धागा डागाळायचा. उधाणाची वाट बघायला सवड नव्हती. राहीने भांगातच उघाडी उचलली, एकदा, मग पुन्हा. खाडी मोठी आहे, असं तिने मनाशी म्हटलं होतं.

लवूची गिरणी संपात गेली ती त्याच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. मुंबई सोडून तो गावी आला आणि पागाचं जाळं घेऊन खाडीत उतरला. मासा मिळाला नाही की तिन्हीसांजेला त्याच्या घरातून आपटाआपटीचा आवाज यायचा. मग शेजारच्या बाया दिवा लावायचं निमित्त करून आत जायच्या, म्हणजे त्याचा हात थांबायचा. राहीही जायची.

दुसरा चिरा निखळला. आता पाण्याबरोबर सोडणंही बाहेर यायला लागली, अर्धी पिकलेली, एकामागून एक. राही बांधावर चढली. मागून म्हातारी मथुरा धावत आली आणि तिने लवूचा सदरा धरला.

"अरे, पोटावर पाय देऊ नको रे आमच्या."

लवूने कोपर मागे मारलं. ते मथुरेच्या तोंडावर बसलं आणि ती बांधावरून खाली चिखलात गेली. उठली तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती जिभेने दात चाचपत होती. लवूने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याने उघाडीच्या फळीवर पहार उगारली.

राहीने मोगरी त्याच्या उजव्या मनगटावर हाणली.

पिकलेलं सोडण मोगरीखाली मऊ, ओला आवाज करतं. हा आवाज तसा नव्हता. पहार पाण्यात पडली. लवू गुडघ्यांवर बसला, हात छातीशी धरून. तेव्हा थांबायला हवं होतं. राहीने मोगरी पुन्हा उचलली आणि त्याच हातावर, कोपराच्या खाली, दुसरा घाव घातला. लवू गुरासारखा ओरडला.

खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर त्याची बायको चिमा माशांची रिकामी पाटी घेऊन उभी होती. ती ओरडली नाही. पळतही आली नाही.

बायांनी राहीच्या हातातून मोगरी काढून घेतली तेव्हा तिची बोटं एकेक करून उलगडावी लागली. त्या दिवशी तिने भाताचा घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

दोन दिवसांनी हवालदार आला. बरोबर लवू होता, हात गळ्यात अडकवलेला, प्लास्टर बोटांपर्यंत. मागे चिमा. मांडवातल्या बाया ठोकायच्या थांबल्या.

"हिने मारलं म्हणतो हा," हवालदार म्हणाला. "बाई, तुला कबूल आहे?"

राहीने तोंड उघडलं. तेवढ्यात चिमा पुढे आली.

"मी समोरच होते, साहेब. बांधावर शेवाळ हाय. ह्यांचा पाय सरकला आणि हात चिऱ्यावर आपटला."

"दोन ठिकाणी मोडलाय."

"बांध उंच हाय."

हवालदाराने बायांकडे पाहिलं. मथुरा सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "मीपण पडले की तिथंच."

लवूने बायकोकडे बघितलं. त्याचा डावा हात खांद्यापर्यंत वर गेला. मांडवात कुणी हललं नाही. सगळ्या त्या हाताकडे बघत होत्या. तो हळूहळू खाली आला. मग लवू वळला आणि एकटाच वाडीच्या वाटेने चालू लागला. हवालदार थोडा वेळ बांधाकडे बघत राहिला, टोपी सारखी केली आणि तोही गेला.

चिमा मात्र गेली नाही. राहीने तिला पाण्याचा तांब्या दिला. ती मान मागे टाकून पाणी प्यायली तेव्हा पदर सरकला. गळ्याखालचे डाग कालपरवाचे नव्हते.

"दुसरा घाव मी उगाच घातला गो," राही म्हणाली. "पहार तर पडली होती."

चिमाने तांब्या खाली ठेवला.

"पहिल्याला मी डोळे मिटले होते, वैनी. दुसरा बघितला."

खाडीचं पाणी चढत होतं. फुटलेल्या बांधातून ते आत येत होतं आणि उरलेली सोडणं जागच्या जागी हलत होती.

"पण उघाडी आता उधाणालाच उघडायची," चिमा म्हणाली. "काथ्या डागाळला तर डागाळू दे. मासे काय त्याच्या एकट्याचे नायत."

राहीने मान हलवली. मग विचारलं, "प्लास्टर कधी काढणार?"

"दीड महिना तरी राहील म्हणाले."

चिमाने साडी गुडघ्यांशी आवरली आणि मथुरेच्या शेजारी मोकळ्या जागेत बसली.

"तोवर मला ठोकायला शिकव," ती म्हणाली.