सोवळ्याची पक्कड

आनंदरावांच्या दवाखान्यात दात काढायच्या पकडींची दोन घराणी होती. एक ओवळ्यातलं, एक सोवळ्यातलं. ओवळ्यातल्या पकडी पुढच्या पडवीत गुणाबाई स्टोव्हवर उकळायची. सोवळ्यातल्या मागे माजघरात, आनंदरावांच्या आईच्या, आक्कांच्या ताब्यात, जुन्या मुकट्याच्या तुकड्यात गुंडाळून फडताळात असायच्या. रेशमाला विटाळ चिकटत नाही, म्हणून तो तुकडा धुवायचीही गरज नाही, असं आक्का म्हणायच्या. पू चिकटतो की नाही, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नव्हतं.

मुळात असं नव्हतं. आनंदराव मुंबईहून दातांचं शिकून बेळगावला परत आले आणि टिळकवाडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी खुर्ची मांडली, तेव्हा पकडी एकाच जातीच्या होत्या. रोज सकाळी ते गुणाबाईला तेच पढवायचे.

"पाणी बुडबुडलं म्हणजे उकळलं असं नव्हे, गुणाबाई. पकडीचं तोंड उघडं ठेवून बुडवायची. बिजागरीत रक्त राहतं. आणि काढताना हात लावायचा नाही, उकळलेल्या चिमट्यानंच काढायची."

"व्हय डाक्टर. पर इतकं तर आमी हरभरंबी शिजवत न्हाय."

"हरभऱ्यानं माणूस मरत नाही."

"आमच्या गावात मेलता की एक," गुणाबाई म्हणायची. ती खानापूरकडच्या खेड्यातली. नवरा गेल्यावर शहरात आलेली. जंतू वगैरे तिला पटले नव्हते. डाक्टरला नाद आहे, कुणाला तमाशाचा असतो तसा याला उकळायचा, अशी तिची समजूत. पण काम चोख करायची.

आनंदरावांची धाकटी बहीण वसुधा हे सगळं आतून ऐकायची. शाळा चौथीत सुटलेली, पण कान उघडे. बिजागरी, चिमटा, उघडं तोंड, सगळं तिला पाठ झालं होतं.

मग एके दिवशी हुक्केरीकर वकील आले. वजनदार माणूस. त्यांनी कोर्टात खोकला काढला तरी समोरचा पक्ष तडजोडीला यायचा म्हणे. ते ओसरीवर टेकले आणि आतून वडगावचा भरमा कोष्टी तोंडात बोळा धरून बाहेर पडला. वकिलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं, आणि उठून उभे राहिले.

"डॉक्टर, याच्या तोंडातली पक्कड माझ्या तोंडात?"

"उकळतो की हो. एकूण एक जंतू मरतो."

"जंतू मरेल. उष्टं कसं मरेल? उद्या तुम्ही उष्टी पोळी तव्यावर भाजून पाहुण्याला वाढाल आणि म्हणाल, जंतू मेले."

यावर आनंदरावांना मुंबईत काही शिकवलं नव्हतं. टिळकवाडीतले निम्मे पेशंट वकिलांच्या शब्दाने येत होते. आठवड्याच्या आत नवा संच आला, फक्त आपल्या माणसांसाठी.

हाही उकळायचा, असं आनंदरावांनी ठरवलं होतं. पण कुठं? गुणाबाईच्या स्टोव्हवर नाही, मग सोवळं कसलं राहिलं? आक्का म्हणाल्या, मी उकळते. दोन दिवस त्यांनी उकळलंही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की ज्या चुलीवर नैवेद्याचा भात होतो, तिच्यावर आपण लोकांच्या दातांची सांडशी शिजवतोय. त्यांनी पातेलं उतरवलं ते उतरवलंच. अशा रीतीनं ती पक्कड एका चुलीवर ओवळी व्हायची आणि दुसरीला किळसवाणी होती, आणि दोन्हीच्या मध्ये तिचं उकळणं राहून गेलं.

"चिंच लावून, राखेनं घासून लख्ख करते," आक्का म्हणाल्या. "देवाची भांडी निघतात की तेवढ्यानं. आणि आपल्याआपल्यात कसली आलीय घाण?"

"आक्का, निदान त्या औषधाच्या पाण्यात तरी बुडवत जा."

"तो वास? माझ्या घरात?"

आनंदराव एकदा बोलले, दोनदा बोलले. मग कुणाला काही झालं नाही, म्हणून गप्प बसले. गुणाबाई तर खूश होती. निम्मे पेशंट दुसऱ्या पकडींवर गेले, निम्मं काम हलकं.

त्याच वर्षी वकिलांच्या मुलाचं स्थळ वसुधेला आलं. मुलगा लोंढ्याला रेल्वेत. बघायला आला तेव्हा खाली मान घालून बसला होता, मुलीसारखा. शेवटी एकच प्रश्न त्यानं विचारला. "लोंढ्याला पाऊस फार असतो. चालेल काय?"

"छत्री दिलीत तर चालेल की," वसुधा म्हणाली.

आक्कांनी कपाळाला हात लावला. उत्तर देणारी मुलगी! पण मुलगा हसला. हसताना तो बरा दिसत होता, आणि ते वसुधेनं पाहून ठेवलं. त्या दिवसापासून ती कामं करताना गुणगुणायला लागली. लग्न ठरलं.

लग्नाला महिना उरला असेल, तेव्हा वकिलांची खालची दाढ पिकली. गाल सुजून डोळ्याला टेकला होता. आनंदरावांनी सोवळ्यातली पक्कड लावली. दाढ निघाली, पाठोपाठ पुवाची गुळणी निघाली. वकील शुद्धीवर आल्यासारखे म्हणाले, "आता कसं हलकं वाटतंय!" आक्कांनी ती पक्कड आपल्या हातांनी घासली, व्याह्यांची म्हणून जरा जास्तच प्रेमानं, आणि मुकट्यात गुंडाळून ठेवली.

त्यानंतर चारच दिवसांनी वसुधेची दाढ ठणकायला लागली. कीड जुनीच होती. लवंग झाली, तुरटी झाली. आक्कांना घोर वेगळाच. ऐन मुहूर्तावर गाल सुजला तर? त्यांनी फर्मान काढलं. "आजच्या आज काढून टाक रे, आनंदा."

वसुधा खुर्चीत बसली. आक्का मुकट्याची पुरचुंडी घेऊन आल्या आणि त्यांनी ती ताटात सोडली. वसुधेनं पक्कड पाहिली. लख्ख होती. बिजागरीत मात्र राखेची करडी रेघ बसलेली.

"अण्णा, ही नको. गुणाबाईची दे."

"काय?" आक्का म्हणाल्या.

"ही उकळलेली नाही. अण्णाच म्हणतो, बिजागरीत रक्त राहतं. आणि ही परवा वकिलांच्या तोंडात होती. तो पू मी बघितलाय, मीच बादली ओतली."

"मग? वकील कुणी परका आहे? थोरांचं उष्टं म्हणजे प्रसाद. लग्नानंतर नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणारच आहेस, त्यात सासऱ्याचं काय जड झालं? आणि गुणाबाईची म्हणजे कोष्ट्यामाष्ट्याच्या तोंडातली! तिकडं कळलं तर? लग्न ठरलेली मुलगी सगळ्या वडगावचं उष्टं तोंडात घेऊन यायची त्यांच्या घरात?"

"कळेल कसं? तूच सांगणार काय?"

"तोंड बघ हिचं! मी खोटं बोलायचं काय व्याह्यांशी?"

दारात गुणाबाई उभी होती. वसुधेनं तिच्याकडे पाहिलं. "गुणाबाई, आण की गं तुझी. आत्ताच उकळलीस ना?"

"मला न्हाय बाई वडायचं त्यात," गुणाबाई म्हणाली आणि पदराला हात पुसत मागे सरली. "माय-लेकींचं तुमचं तुमी बगा. माझी भाकरी हाय हितं."

राहिले आनंदराव. पडवीत स्टोव्हवर दुसऱ्या पकडी अजून गरम होत्या. चार पावलांवर. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या खोलीत सगळं ठाऊक असलेले ते एकटेच होते. त्यांनी आईकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि ते मुंबईहून शिकून आलेले डॉक्टर म्हणाले, "एका वेळेनं काही होत नाही, वसू. आ कर."

वसुधेनं दात घट्ट मिटून घेतले. आक्कांनी तिचं नाक दाबलं, लहानपणी एरंडेल पाजताना दाबायच्या तसं. श्वासासाठी तोंड उघडलंच.

दाढ चांगली निघाली. आनंदरावांचा हात हलका होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. गाल दगडासारखा झाला, मग जबडा, मग मान. आनंदरावांनी आतून चिरलं, काही निघालं नाही. आक्कांनी हळद बांधली, दृष्ट काढली. ताप उतरेना, तेव्हा मिरजेला नेलं. तिथं गालावर बाहेरून चिरून निचरा केला, कुजलेल्या हाडाचे तुकडे काढले. त्या दिवसांत वसुधा जगते की नाही, असंच होतं. जगली. दीड महिन्यानं घरी आली तेव्हा जबड्याखाली ओढलेला, जांभळा व्रण होता आणि तोंड करंगळी जाईल इतकंच उघडत होतं. पेज गाळून पाजावी लागायची. बोलली की अक्षरं दातांमागंच अडकायची, घरच्यांनाही निम्मी कळत नसत. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता.

आक्कांनी कारण शोधून ठेवलं होतं. गुणाबाईची सावली पडली ताटावर. दारात उभी नव्हती काय? गुणाबाईला जायला सांगितलं.

"सावलीनं हाड कुजतंय व्हय आक्का?" पायरी उतरताना ती म्हणाली. "मग माझी सावली कुटंकुटं पाडू सांगा की. चार घरं ठाव हायेत मला." पण खालच्या पायरीवर ती थांबली, खिडकीतल्या वसुधेकडे तिनं क्षणभर पाहिलं, आणि मान खाली घालून गेली.

वकील एका रविवारी सकाळी आले. एकटेच. ओसरीवर बसले, पाणी प्याले. वसुधा दाराआड उभी होती. मुलगा अजून नाही म्हणालेला नाही, एवढं तिला कळलं होतं. आपल्या घरच्या मोलकरणीकरवी त्यानं विचारलंही होतं, बरी होतीय काय म्हणून. सगळं वडिलांवर होतं. आणि वडिलांचं सगळं, अण्णा काय सांगतो त्यावर.

"मला एकच सांगा, डॉक्टर," वकील म्हणाले. "तुम्ही तज्ज्ञ. हे आजारपण बाहेरून आलं, की मुलीच्या अंगातलंच? बाहेरचं असेल तर माझं काही म्हणणं नाही. व्रण काय, पदर घेतला की झाकतो. माझा मुलगाही हट्टाला पेटलाय. पण हाडातच दोष असेल, तर उद्या पोराबाळांत उतरायचा. रोग आला कुठून?"

दाराआड वसुधा आणखी पुढे सरकली. इतकं सरळ कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. अण्णांना फक्त म्हणायचं होतं, पक्कड उकळलेली नव्हती. एवढ्यावर लग्न होतं. लोंढा होता.

आनंदराव आपल्या नखांकडे पाहत होते. पक्कड उकळलेली नव्हती म्हटलं, की पुढचा प्रश्न वकिलांचाच: मग माझ्या तोंडात तुम्ही काय घातलंत? आणि त्याच्या पुढचा: ती घाण कुणाची? संध्याकाळपर्यंत टिळकवाडीभर झालं असतं.

"हाड मुळातच नाजूक," आनंदराव म्हणाले. "आमच्या वडिलांकडच्या घराण्यात आहे ते."

"म्हणजे रक्तातच."

"तसंच म्हणायचं."

"बरं झालं स्पष्ट बोललात," वकील म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला होता. "दुसरा असता तर लपवलं असतं. असा सचोटीचा माणूस आजकाल मिळत नाही." ते उपरणं सावरत उठले.

तेव्हा वसुधा बाहेर आली. पदर न घेता, व्रण उघडा टाकून. ती वकिलांच्या समोर येऊन उभी राहिली आणि बोलली. जबडा ताणून, मानेच्या शिरा फुगवून, एकेक अक्षर दातांमधून ढकलत ती म्हणाली, "तो पू तुमचा होता." तिच्या कानांना ते स्वच्छ ऐकू आलं. बाहेर आला तो नुसता घुसमटलेला आवाज आणि हनुवटीवर लाळ.

वकिलांनी एक पाऊल मागे घेतलं. "काय म्हणते ही?"

आनंदरावांना कळलं होतं. ते खांबाकडे वळले.

वसुधेनं पुन्हा तेच म्हटलं, आणखी जोरानं. वकिलांच्या छातीकडे बोट दाखवलं, मग आपल्या गालाकडे.

"नमस्कार करते म्हणते," आक्का म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन पदरानं तिची हनुवटी पुसली, मायेनं पुसली, आणि मानेवर हात ठेवून तिला खाली वाकवलं.

"असू दे, असू दे," वकील म्हणाले. पाय जरा मागे घेत त्यांनी वरूनच हात धरला. "औक्षवंत हो."