अर्धी दाढी

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. कडा काळवंडल्या आहेत, कोपऱ्यातला पारा उडाला आहे. हैदराबादेहून गवतात गुंडाळून मी मानवतला आलो आणि एस.टी. स्टँडजवळच्या आश्रुबाच्या दाढी-कटिंगच्या दुकानात भिंतीवर चढलो. तेव्हा काय माझा तोरा! नवरदेव माझ्यापुढे मिशीला पीळ देत आणि आश्रुबा रोज सकाळी ओल्या वर्तमानपत्राने मला लख्ख पुसत असे.

वस्तरा फिरवण्याआधी आश्रुबा म्हणे, "फुगवा." गाल फुगला की कातडी ताणली जाते. धान्यबाजारातले मोठमोठे आडते माझ्यापुढे बेडकासारखे गाल फुगवून बसत आणि मला भारी गंमत वाटे. बाकावरची मंडळी विद्यापीठाच्या नामांतरावरून हातघाईवर येत. आश्रुबाच्या हातात वस्तरा असल्याने तो कुणाचीच बाजू घेत नसे.

तुरीच्या हंगामात एका सकाळी दिनकरराव आले. हर्रासात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, ते बोली पुकारत. त्या आवाजावरच त्यांचं घर चाले. डावा गाल झाला.

"आता ह्यो फुगवा," आश्रुबा म्हणाला.

उजवा गाल काही फुगेना. ओठाच्या कोपऱ्यातून हवा आणि फेस बाहेर आला. ते टॉवेल घ्यायला गेले तर हात मांडीवरच गळून पडला. बोलू लागले, पण शब्द जिभेवरच घोटाळले. माझ्यात त्यांचं अर्धं तोंड खाली ओघळलेलं दिसत होतं, आणि मी घाबरलो.

"लकवा हाय ह्यो," बाकावरचे व्यंकटराव उठले. "कबुतर आणा कुणीतरी. त्याचं रगत चोळलं की उतरतंय."

कबुतर कुठे मिळेल यावर चर्चा सुरू झाली, आणि तेवढ्यात तोंड आपोआप जागेवर आलं. हातही उचलला गेला. दिनकरराव माझ्यात डोकावून हसले. "बघ, सरळ हाय. दाढी पुरी कर, आश्रुबा. अर्ध्या दाढीनं बाजारात जाऊ का? लोक म्हणतील, धिंड काढली दिनकररावाची!"

मित्रांनो, चेहरा खरंच सरळ होता. मी तोच दाखवला. डोक्याच्या आत रक्ताची वाट कुठे अडली आहे, ते मला कुठून दिसणार?

आश्रुबाने वस्तरा मिटला.

"माज्या मायचं बी असंच सरळ झालं होतं. आमी रगत चोळीत घरीच बसलो. दुसऱ्या दिशी आडवी झाली, ती आजून उठली न्हाई. बोलत बी न्हाई. तुमी उठा."

"पाणी तरी पिऊ दे."

"पाणी बी न्हाई. घशात अडकतंय."

दुकान उघडंच टाकून, फेसाच्या गालासकट त्याने त्यांना एका आडत्याच्या जीपमध्ये घातलं आणि परभणीचा मोठा दवाखाना गाठला.

पुढचं मी आश्रुबाच्याच तोंडून ऐकलं. रक्तदाब लय चढला होता. "बरं वाटायलंय, आता कशाला गोळ्या?" म्हणून दिनकररावांनी त्या बंदच केल्या होत्या, असं त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, रडत सांगितलं. दुसरा झटका संध्याकाळी आला, पण डॉक्टर उशाशी होते. उजवा हात थोडा अधू राहिला. बोली पुकारताना आता ते मध्ये दम घेतात, पण पुकारतात. गोळ्या रोज घेतात आणि तंबाखू सोडली आहे.

पुढे दुकानात मोठे आरसे आले आणि मला घरी नेलं. आता मी आश्रुबाच्या आईच्या, सरजाबाईच्या, खाटेसमोर टांगलेला असतो. रोज सकाळी आश्रुबा तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसतो. ती माझ्यात बघून ओठ हलवते. तिला "आश्रू" म्हणायचं असतं. शब्द येत नाही. मला तेव्हा फार वाईट वाटतं.

मित्रांनो, घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर माझ्यासारख्याचा भरवसा धरू नका. घटकाभराने सगळं सरळ झालं तरी दवाखान्यात न्या. दाढी अर्धी राहू द्या, ताट वाढलेलं राहू द्या, लोक हसले तर हसू द्या. सरजाबाईसाठी त्या दिवशी कुणी घाई केली नाही. तुमच्या माणसासाठी तुम्ही करा.