कामगाराच्या रकान्यात

मिस्त्रीचा नव्या कायद्यावर पहिल्यापासूनच राग होता. लाकडाच्या धुळीने छाती बिघडली तर तीही आता कामावरची इजा धरायची, भरपाई मालकाने द्यायची, आणि दरवर्षी सगळ्या कामगारांचा दम यंत्रावर मोजून घ्यायचा. "उद्या शिंक आली तरी भरपाई मागतील," असे तो भेटेल त्याला ऐकवायचा. त्याच्या खुर्च्यांच्या कारखान्यात कामगार होते तीन, आणि मशीन सुरू झाले की समोरच्याचे तोंड दिसू नये एवढी धूळ.

तपासणीवाली बाई यंत्र घेऊन आली, तेव्हा कामगार नळी तोंडात घालायला लाजू लागले. "अरे, चावते का ती? बघा!" म्हणत मिस्त्रीने छाती फुगवून पहिला मान घेतला. हौस अंगाशी आली. फुंकर अर्ध्यातच तुटली आणि खोकला लागला तो थांबेना. बाईने त्याला आणखी दोनदा फुंकायला लावले. मग तिघांनी फुंकले. तिघेही ठणठणीत निघाले. ज्याला सगळे काडी म्हणत, तो वाळका कारागीरसुद्धा.

"तुमचा आकडा निम्म्यावर आलाय," बाई हळूच म्हणाली. "धुळीत उभं राहायचं नाही आता."

"मला कसला कायदा? मी मालक आहे."

बाईने भिंतीवरचा परवाना वाचला. "मालक तर या बाई दिसतायत. कोण या?"

"बायको."

"मग कागदावर तुम्ही कामगार."

खोटे नव्हते. कारखाना काढला तेव्हा मिस्त्री दुसरीकडे नोकरीत होता, म्हणून परवाना बायकोच्या नावावर घेतला. नंतर बदलू म्हणता म्हणता बावीस वर्षे गेली. बाईने एक कागद हातात ठेवला. या कामगाराला धुळीतून बाहेर काढायचे, की तो कामाला योग्य आहे असे आपल्या जबाबदारीवर लिहून द्यायचे, ते मालकाने आजच्या आज ठरवायचे होते.

त्यानंतर मिस्त्रीचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. खुर्चीचा पाय त्याने दोनदा आखूड कापला आणि लाकडावरच ओरडला. "मिस्त्री, आता तुम्ही आमच्यातले. मास्क लावा," काडी म्हणाला. सगळे हसले. मिस्त्रीला हसू येईना. सरळ सांगायचे तर तो घाबरला होता. मशीनवरून उठवल्यावर आपण उरतो कोण, हे त्याला ठाऊक नव्हते.

दुपारीच तो घरी गेला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "इथे सही कर, 'योग्य आहे' लिहिलंय तिथे," तो म्हणाला. एरवी ती न बघता सही करायची. आज तिने चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तेवढ्यात मिस्त्री एकदा खिडकी उघडून आला, एकदा लावून आला.

"म्हणजे मी लिहून दिलं तरच तुम्ही मशीनवर?"

"अगं, कागदापुरतं आहे ते. मालक काय खरंच तू आहेस?"

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटले. तिने वरच्या ओळीपुढे, 'धुळीतून बाहेर' लिहिले होते तिथे, सावकाश सही केली.

"तीन वर्षं सांगतेय, डॉक्टरकडे चला. तुमचं आपलं एकच, सर्दी आहे. जिना चढताना मध्येच थांबता आणि चप्पल नीट केल्यासारखं करता, ते दिसत नाही मला? बायकोचं ऐकलं नाहीत. आता मालकाचं ऐका."

मिस्त्री भडकला, पण शब्दाआधी खोकला आला. तो थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली.

"दिवसभर मी करू काय मग?"

"बाहेर टेबलाशी बसा. ऑर्डर कशी घेतात, लाकूड कुठलं मागवायचं, शिकवा मला. उद्या तुम्ही नसलात तर..." तिने एक घडी मोडून पुन्हा घातली. "नावाची मालक मी. मला काही म्हणजे काही येत नाही हो."

खाली कामगाराच्या सहीचा रकाना होता. मिस्त्रीने पेन घेतले आणि 'कामगार' हा शब्द दोनदा वाचला. मग त्याने सही केली.

"डॉक्टरकडे किती वाजता जायचंय, मालक?" त्याने विचारले.