सहाचं बिस्किट

सासूबाईंचं वय एकशे चार. एवढं जगलेल्यांच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई वर्षभरापासून आमच्याकडे येत होत्या. रक्त घ्यायच्या, मुठीची ताकद मोजायच्या. माझंही रक्त घ्यायच्या. घर एक, पाणी एक, स्वयंपाक एक, फक्त रक्त वेगळं. म्हणून तुलनेला मी. सासूबाई म्हणायच्या, सुनेशी तुलना करायला यंत्र कशाला, पन्नास वर्षं मी तेच करतेय.

गेल्या खेपेला बाईंनी सासूबाईंचा रिपोर्ट बाजूला ठेवून माझा उचलला. रात्रीच्या इन्सुलिनच्या इंजेक्शननंतर पहाटेपर्यंत माझी साखर पार उतरत होती. उठल्याबरोबर खायलाच हवं, म्हणाल्या. मी खाली बघत सांगितलं, मी अकराला खाते. सासूबाई उठतातच अकराला, आणि त्यांच्या आधी मी तोंडात काही घालत नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हा या माउलीने लेकामागे अन्न सोडलं होतं. मी म्हटलं, तुम्ही नाही तर मीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर दूध घेतलं. त्यांनी खाल्ल्याशिवाय खायचं नाही, हा तेव्हा देवापुढे धरलेला नेम एकदाही मोडला नव्हता.

"एखाद्या सकाळी बाथरूममध्ये पडलात तर यांना कोण बघणार?" बाईंनी हळूच विचारलं.

दोनदा भिंत धरावी लागली होती, हे मी सांगितलं नाही. पण सासूबाईंची झोप तरी कशी मोडू? दीर्घायुष्याचं गुपित असेल म्हणून बाईंनी ती अकराला उठायची वेळ वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घेतली होती. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, झोपल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी देवापुढे बसले होते. मागे काठी वाजली. सासूबाई भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात गेल्या, डब्यातून बिस्किट काढलं आणि बोळक्या तोंडात घोळवत संपवलं. डोळे झोपेने अर्धे मिटलेले.

"मी खाल्लं. आता तू खा."

"अहो आई, तुमची वेळ..."

"माझं भरपूर जगून झालंय गं. तुझंच कमी पडायला लागलंय."

मी डब्यातून बिस्किट घेतलं. त्यांनी माझा दुसरा हात मुठीत धरला आणि मी खाऊन संपवेपर्यंत सोडला नाही.

मग त्या परत जाऊन झोपल्या. अकराला उठून रोजच्यासारखं खायला मागितलं, आणि सकाळचं बिस्किट त्या डॉक्टरणीला सांगायचं नाही, अशी तंबीही दिली.