बिस्किटाची चूल

टासो मानाच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत चढला तर त्याला काय काय मिळणार, याचा हिशेब फोनवेल गावात टासो सोडून सगळ्यांनी मांडून ठेवला होता. नवं नाव मिळणार. मैदानात त्याच्या नावाचा कोरीव ढोल उभा राहणार, माणसाच्या दुप्पट उंचीचा. मेल्यावर चार गावं रडायला येणार. आणि हे सगळं फुकटात, कारण पायरीसाठी मारायची डुकरं बोंगरोर देणार होता.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती. लेकोनच्या, म्हणजे टासोच्या बायकोच्या, हातचं लापलाप. किसलेलं कोनफळ, वर नारळाचं दाट दूध, पानांत गुंडाळून तापल्या दगडांवर भाजलेलं.

पायरी चढली की चूल वेगळी होते. प्रत्येक पायरीची आपली चूल. तिच्यावर त्या पायरीच्या पुरुषांनीच शिजवायचं आणि त्यांनीच खायचं. वरच्यानं खालच्या चुलीवरचं तोंडात घातलं, की त्याची पायरी गेली. मग बायको कितीही सुगरण असो.

बोंगरोर असाच चढत गेला होता. तसा तो मुळातला बडबड्या. तरुणपणी उद्या पाऊस येईल म्हणाला, तर लोक हसून कोनफळं वाळत घालायचे. पण डुकरं फिरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. याच्याकडून लहान घ्यावं, त्याला मोठं द्यावं, तिसऱ्याला आपल्या उपकाराखाली ठेवावं. पायरीगणिक त्याच्या पंगतीतली माणसं कमी होत गेली. आधी बायको गेली, मग भाऊ, मग मित्र. शेवटच्या पायरीवर त्याच्या जोडीला म्हातारा मेलवोर तेवढा उरला होता, तोही गेल्या वर्षी वारला. तेव्हापासून बोंगरोर बोरूच्या कुंपणामागे एकटाच राहायचा, एकटाच रांधायचा.

आणि गंमत अशी, की दिसेनासा झाला तसा तो मोठा होत गेला. दोन गावं हद्दीवरून भांडत आली, कुंपणासमोर बसून राहिली, आतून बऱ्याच वेळानं "बरं" एवढंच ऐकू आलं, आणि दोन्ही गावं आपापली चूक कबूल करून परतली. पूर्वज त्याच्याशी बोलतात म्हणे. मतं मागायला राजधानीहून, विलाहून, येणारे उमेदवारसुद्धा त्या कुंपणापुढे चपला काढायचे.

कुंपणामागचा निरोप बाहेर सांगायचं काम टासोचं. लोकांसमोर तो "मोठे म्हणतात" असं म्हणायचा. लोक गेले, की भाषा बदलायची.

"आज वहिनीनं काय केलं होतं?" आतून आवाज यायचा.

"लापलाप."

"दूध दाट होतं?"

"अरे, तू आज दोन गावांचा तंटा मिटवलास. त्याचं काहीतरी विचार!"

"तंटे मिटतात रे. माझं कोनफळ आतून कच्चं राहतं, त्याचं काय करू?" आणि लगेच, "टासो, तू वर ये. डुकरं माझी. एकट्यानं गिळायचा कंटाळा आला मला."

"मी रोज येतोच की. परवा केळी खाल्ली ना आपण? त्यांना चूल लागत नाही."

"केळं खाणं म्हणजे जेवण नव्हे."

टासो घराकडे निघाला. त्याच्याशिवाय या माणसाला कुणी नव्हतं, हे त्याला कळत होतं.

घरी लेकोननं सगळं ऐकून घेतलं. "जा की वर. मी शेजारणीला जेवायला बोलावीन. ती निदान चांगलं झालंय म्हणून तोंडानं सांगते."

"तू रागावलीस."

"मी कशाला रागावू? आणि मारायला डुक्कर कोणता, तेही सांग. गोल सुळ्यावाला ना? माझा?"

 त्या डुकराचे वरचे दात काढले होते, खालचा सुळा गोल वळावा म्हणून. त्याला जमीन उकरता येत नव्हती. लेकोननं वर्षानुवर्षं त्याला मऊ कंद हातानं भरवला होता. आणि टासोनं मैत्रीच्या भरात, तिला न विचारता, तो बोंगरोरला देऊन टाकला होता.

"तुला नाही भरवलं एवढं त्याला भरवलंय," ती म्हणाली आणि चुलीवरचे दगड उचलायला लागली.

त्याच आठवड्यात एक उमेदवार आला. रिकाम्या हातानं आला होता. किनाऱ्यावरच्या लेकोनच्या दुकानातून त्यानं बिस्किटांचा आणि माशाच्या डब्यांचा खोका उचलला, कुंपणाच्या दारातून आत सरकवला आणि भाषण सुरू केलं. रस्ता झाला, दवाखाना झाला, बोटीच्या धक्क्याच्या आश्वासनापर्यंत आला, तेवढ्यात आतून जोरात खोकल्याचा आवाज आला.

उमेदवाराचा चेहरा उजळला. "मोठ्यांनी होकार दिला?"

"मोठे खोकले," टासो म्हणाला.

उमेदवाराला तेवढं पुरलं. तो खुशीत बोटीकडे गेला.

"टासो, इकडे ये लवकर," आतून घाबरा आवाज आला. "ते बिस्किट होतं. घशात अडकलं."

"तू खाल्लंस?"

"भाषण लांबलं रे! हात आपोआप गेला." मग हळूच, "हे कुणाच्या चुलीवर भाजलेलं असतं?"

कुणी पाहिलं नव्हतं. टासो गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पण गप्प राहायचं म्हणजे कुंपण तिथेच, जेवण तसंच आणि वरची पायरी आपल्या मानेवर. त्यानं गावातल्या चार जाणत्या म्हाताऱ्यांना कुंपणासमोर बोलावलं आणि बोंगरोरला धडकी भरेल इतक्या मोठ्यानं सगळं सांगून टाकलं.

"कारखान्याची चूल," एक जण म्हणाला.

"कारखान्यानं डुकरं किती मारली?"

"एकही नाही."

"मग ती खालची."

"खालची कशी? पायरीवर असेल तर खालची. ती तर शिडीच्याच बाहेर."

"बाहेरची असली म्हणून फुकटची नाही होत," वेनूर म्हातारा म्हणाला. "गाणं असो, नक्षी असो, दुसऱ्याचं घ्यायचं तर डुक्कर द्यावं लागतं. मग मालकाचं घर आणि घेणारा, दोघांचा हक्क. पण मालकाला कुठे शोधायचं?"

टासोनं घसा साफ केला. "मोठे म्हणतात, ती चूल ज्यानं गावात आणली तो मालक."

आत बोंगरोरनं असलं काही म्हटलेलं नव्हतं. सगळे कान देऊन बसले.  मग आतून खोकला आला, छोटासा, नीट बेतलेला.

"मोठ्यांनी होकार दिला," वेनूर म्हणाला.

"पण चूल आणली कुणी?"

सगळ्यांनी खाली किनाऱ्याकडे पाहिलं. दुकान एकच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल वाजले आणि चुलीचं मोल म्हणून गोल सुळ्यावाला डुक्कर दोरीनं बांधून लेकोनच्या हाती आला. तिनं आधी त्याच्या जबड्याखाली हात घातला, मग लोकांकडे पाहिलं. मारला मात्र नाही. मालकीण ती, मर्जी तिची.

संध्याकाळी कुंपणाच्या आत, आता सामाईक झालेल्या चुलीवरचं खायला, तिघं बसली. मध्ये बिस्किटं, उघडलेले डबे, तीन शहाळी. बोंगरोर इतका बोलला, की मासा तसाच राहिला. चाळीस वर्षांचे विनोद साठले होते. बहुतेक पूर्वीही वाईटच होते. लेकोन हसत होती.

आता कुणी काय भरलं ते पाहू. उमेदवारानं खोक्याची किंमत भरली आणि धक्क्याचं आश्वासन दिलं. टेकडीवरच्या फोनवेलची मतं मात्र त्याला पडली नाहीत, कारण खोकला कशाचा होता हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. बोंगरोरनं बेटावरचा सगळ्यात सुरेख सुळा भरला. टासोनं नवं नाव आणि ढोल भरला, आणि रोज संध्याकाळी दोनदा जेवायची शिक्षा घेतली, एकदा तिथे, एकदा घरी. लेकोननं काहीच भरलं नाही. डुक्कर तिच्या कुंपणात होता, आणि बिस्किटांचा पुढचा खोका तिनं बोंगरोरला रोखीनंच दिला.