उणे पाच अंश

तीन वर्षं विजयश्रीने त्या करडईसाठी जिवाचं रान केलं होतं. पाण्यावाचून तग धरणारी, बियांच्या तेलातून गाड्यांना इंधन देणारी ही जात. आता लडाखसारख्या कोरड्या थंडीत ती टिकते का, एवढंच बघायचं राहिलं होतं. उणे पाच अंशांत बारा तास काढले की झालं.

पण चिखलीतल्या तिच्या चिमुकल्या कंपनीकडे तसली थंड खोली कुठून असणार? विद्यापीठात विचारलं तर नंबर पुढच्या वर्षी. अर्ज करकरून ती विटली. शेवटी चाकणला गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या एका लॅबने आपली खोली एका रविवारपुरती दिली, तीही उपकार केल्यासारखी. निम्मी रोपं मागे ठेवायला हवी होती, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चोवीस रोपांचा निकाल मंजुरी देणारे साहेब लोक मानत नाहीत, आणि खोली पुन्हा मिळायची नव्हती. त्या जातीचं बीही संपलेलं. होती नव्हती ती अठ्ठेचाळीस रोपं तिने आत ठेवली. बाहेरच्यांना तिथे थांबू देत नसत, म्हणून ऑपरेटर भीमराजला आकडा कागदावर लिहून दिला आणि ती घरी आली.

सोमवारी सकाळी भीमराज तिची वाटच बघत होता. रविवारची सुट्टी सोडून, ओव्हरटाइम न मागता तो दिवसभर थांबला होता.

"म्याडम, काम एक नंबर केलंय," तो म्हणाला. "मायनस पाचला काय व्हतंय? दाराची कुलपं आमी मायनस चाळीसला ठेवतो. तुमचा माल पण तसाच ठेवला. उद्या कुणी बोट ठेवाया नको."

विजयश्री थेट खोलीच्या दाराकडे धावली. भीमराजने खोली उघडली. रोपं हिरवीगार, ताठ उभी होती.

"बघा, कुठं तडा न्हाई, रंग गेला न्हाई," फॉर्म पुढे ओढत तो म्हणाला. "पास लिहू ना?"

तिने एका पानाला बोट लावलं. ते काचेसारखं तुटून खाली पडलं. तो फॉर्म त्याच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. पण या माणसाने तिच्या भल्यासाठीच हे केलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता.

"भीमराज, सगळी मेलीत ती."

तो वाकून रोपांकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात त्याने विचारलं, "मग फेल लिहू?"

तिला हो म्हणवेना. उणे पाचला ती जगली असती की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.